पंच क्रमांक दोन

सुखदानं झेरॉक्स टेबलावर ठेवली आणि खालच्या सहीवर बोट टेकवलं.

"बाबा, ही सही तुमची?"

चंद्रकांतांनी चष्मा लावला. वरचा सगळा मजकूर कन्नड, खाली सही मात्र ठसठशीत मराठी. नाकारायची सोयच नव्हती.

गुन्हेशास्त्राच्या एम.ए.साठी सुखदा पंचनाम्यांवर प्रबंध लिहीत होती. तुरुंगात तिला परसू भेटला. यशवंतपूरच्या बाजारातला हमाल, खुनाबद्दल जन्मठेप भोगत होता. 'माझ्या खोलीत सुरा सापडलाच नाही, अक्का,' एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणे. त्याच्या अपिलाची सुनावणी दोन दिवसांवर आली होती. सुरा जप्त करताना हजर असलेले पंच कोण, म्हणून तिनं कागद काढले आणि साक्षीदार घरातच निघाला. काखेत कळसा म्हणतात, तो असा!

"इथं लिहिलंय, खोलीतल्या ट्रंकेतून तुमच्यासमोर सुरा निघाला. गेला होतात त्या खोलीत?"

"असं लिहिलंय होय?" चंद्रकांत कागदाकडे नुसतेच बघत राहिले. "मला चौकीवर बोलावलं होतं. इन्स्पेक्टर म्हणाले, 'सर, स्वल्प सही माडी,' जरा सही करा म्हणून. सरकारी कारखान्यातला इंजिनिअर म्हटल्यावर कोर्ट विश्वास ठेवतं म्हणे. गळ घातली, मला नाही म्हणवेना."

"आणि कोर्टात?"

"तिथंही सगळ्याला हो म्हणालो."

सुखदाला रडू फुटलं. भिडेपायी माणूस गजाआड! पण बाबा लबाड नव्हते, एकदा फसले होते, हे तिनं मनाशी घट्ट धरलं.

"परसूच्या वकिलांना हे सगळं सांगाल? खोट्या साक्षीचा खटला होईल तुमच्यावर."

चंद्रकांत उठले, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि चपला घातल्या.

"चल."

तिच्या जिवात जीव आला. डोळे पुसत तिनं कडी काढली. चंद्रकांत मात्र उंबऱ्यातच थबकले.

"सुखदा, बाकीच्यांचं काय करायचं?"

"बाकीचे कोण?"

"अगं, मला कन्नड वाचता येत नाही, म्हणून तर इन्स्पेक्टर साहेब दर वेळी सहीला मलाच बोलवायचे."