गाडीतला चहा

"अस्मिताचा नवरा आत कधीच यायचा नाही?" मार्लीनने विचारलं.

"कसा येईल? हळदीकुंकू बायकांचं असतं," सुनेत्रा म्हणाली. "त्या दिवशी मी माझ्या नवऱ्यालासुद्धा घराबाहेर काढते."

टेबलाभोवती एक पोलीस अधिकारी बाई, एक नर्स, एक वकील आणि बायकांचं निवारागृह चालवणारी मार्लीन बसली होती. कॅनडातल्या केंब्रिजमध्ये आणि आसपास घरच्याच माणसाच्या हातून जे मृत्यू होत, त्यांचा ही समिती अभ्यास करायची. तोही खटल्याचा निकाल लागल्यावर. इथे कुणाला दोष द्यायचा नसे. बाई जिवंत असताना तिच्या वाटेत कोण कोण आलं आणि पुढच्या बाईसाठी काय वेगळं करता येईल, एवढंच पाहायचं. या वेळची बाई अस्मिता होती. मराठी मंडळातलं तिला ओळखणारं कुणी हवं, म्हणून सुनेत्राला बोलावलं होतं. 'कुणाला कळणार होतं?' हे वाक्य ती घरूनच तयार करून आली होती.

"आम्ही अस्मिताला चिडवायचो," ती सांगू लागली. "बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि हा आपला गाडी चालू ठेवून ड्राइव्हवेमध्ये बसलेला. म्हणायचो, बाई गं, नशीब काढलंस! आमचे नवरे एकदा दारात सोडून गेले की फोनही उचलत नाहीत."

नर्स हसली. सुनेत्राला धीर आला. "आम्ही त्याला चहा पाठवायचो. तिळाच्या वड्या पाठवायचो."

"कुणाबरोबर?" मार्लीनने विचारलं.

प्रश्न साधा होता. उत्तरही साधंच होतं.

अस्मिताबरोबर. ती नुकती कुठे मांडी घालून टेकलेली असायची, कुणाच्या तरी बोलण्याला हसत असायची, तेवढ्यात तिच्या हातात कप यायचा. 'जा गं, गार होईल.' ती निमूट उठायची. कोट चढवायची, बूट घालायची, जायची. परत यायची ती पर्स घ्यायलाच. 'आम्ही निघतो, मावशी.' आणि मागे बायका म्हणायच्या, करमत नाही हो त्याला हिच्याशिवाय.

त्या माणसाला पाऊल ठेवता येणार नाही अशी जागा अस्मिताला एकच होती, सुनेत्राचं बेसमेंट. तिथूनही तिला दर संक्रांतीला बाहेर पाठवलं होतं. मोठ्या प्रेमाने, आलं घातलेला चहा देऊन.

सुनेत्रा रडू लागली. तयार केलेलं वाक्य राहूनच गेलं. मार्लीनने खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"गाडीत बसणारा प्रत्येक नवरा तसा नसतो," ती म्हणाली. "कुणी खरंच प्रेमाने बसतो. बाहेरून कळत नाही. म्हणून बाईला त्याच्या नजरेआड थोडा वेळ मिळायला हवा."

पुढच्या संक्रांतीला सुनेत्राच्या बेसमेंटमध्ये पुन्हा साड्यांची गर्दी झाली. या वेळी ईशिता नवीन होती, लग्न होऊन नागपूरहून आलेली. पोरगी गोड, पण अंग चोरून बसलेली. तिचा फोन सारखा वाजत होता. "हो, इथेच आहे," एवढं बोलून ती ठेवत होती. वरच्या बुटक्या खिडकीतून ड्राइव्हवेमधली गाडी दिसत होती. इंजिन चालू होतं.

"अगं ईशिता, तो बिचारा बाहेर फ्रीझ होत असेल," उल्का म्हणाली. उल्का म्हणजे मंडळाची सेक्रेटरी, मायाळू बाई. तिने कप भरूनही ठेवला होता. "जा, चहा नेऊन दे त्याला."

ईशिता ताडकन उठली. ते उठणं सुनेत्राच्या ओळखीचं होतं. तिने कप स्वतःच उचलला.

"तू बस," ती म्हणाली. "चहा काका नेतील."

आपल्या नवऱ्याला, नंदकुमारला, सुनेत्राने या वर्षी घराबाहेर काढलं नव्हतं. तो वर किचनमध्ये कोट घालून तयार बसला होता. माणूस सोन्यासारखा, पण बोलायला लागला की थांबायचा नाही. एकाहत्तर साली कॅनडात कसा आलो, पहिल्या विंटरमध्ये गाडी बर्फात कशी रुतली, पित्ताशयाचं ऑपरेशन कसं झालं. ग्रोसरीच्या दुकानात तो दिसला की मंडळातले लोक दुसऱ्या रांगेत पळत. आज पहिल्यांदाच कुणालातरी त्याचं बोलणं हवं होतं. दोन कप घेऊन तो गेला, गाडीत शिरला आणि दार ओढून घेतलं. थोड्याच वेळात खिडकीतून त्याचे हातवारे दिसू लागले.

वाण निवडायचं निमित्त काढून सुनेत्रा ईशिताला लाँड्री रूममध्ये घेऊन गेली. ड्रायर चालू होता, खोली उबदार होती. तिने स्टूल पुढे केलं, हातात चहा दिला.

"बोलावंसं वाटलं तर बोल," ती म्हणाली. "नाही वाटलं तर नुसती बस. इथून तुला कुणी उठवणार नाही."

ईशिताने कप दोन्ही हातांत धरला. चहा काही प्यायली नाही. इथल्या खिडकीतूनही गाडी दिसत होती. ती तिकडेच बघत होती. फोन वाजायचा थांबला होता.

"मावशी," तिने हळूच विचारलं, "काका किती वेळ बोलतात?"

सुनेत्राने दार लोटून घेतलं आणि तिच्याजवळ बसली.

"लग्नाला चाळीस वर्षं झाली, अजून थांबलेले नाहीत. तू सावकाश सांग."