ऱ्हस्व-दीर्घ

बाबांच्या नव्या कादंबरीचं अख्खं प्रकरण कॉम्प्युटरवरून उडालं, तेव्हा मी घरच्या कॉम्प्युटरवर बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर बसवून दिलं. म्हटलं, "आता काही हरवणार नाही. कुणी काय बदललं, कधी बदललं, सगळं कळेल. फक्त तुम्ही दोघांनी आपापल्या नावाने लॉगिन करायचं आणि काय केलं ते एका ओळीत लिहायचं."

"मग तुझ्या आईचं नाव कशाला?" बाबा हसले. "कादंबरी मी लिहितो. ही नुसते ऱ्हस्व-दीर्घ बघते."

आईने खुर्ची पुढे ओढली. नाव तिने स्वतः टाइप केलं, सावकाश, एका बोटाने.

कादंबरी छापायला गेली त्या दिवशी मी सहज नोंदी उघडल्या. एकशे बारा नोंदी आईच्या. 'पहिलं प्रकरण लिहिलं.' 'नायिकेला मारणार होते, मन धजेना.' 'शेवट परत लिहिला, आता जमला.' आणि तिची अगदी शेवटची: 'पहिल्या पानावर लेखिका म्हणून माझं नाव टाकलं.'

त्यानंतर बाबांची एकुलती एक नोंद होती: 'शुद्धलेखनाची चूक सुधारली.'