खडीवरची चाकं

अंगणातल्या खडीवर पुन्हा चाकं करकरली, तसा म्हातारा ऑर्विल काठी आपटत बाहेर आला. पुढचा पूल बंद झाल्यापासून चुकलेली प्रत्येक गाडी त्याच्याच अंगणातून वळत होती. 'खासगी जागा. गाडी वळवू नये.' ही फाटकावरची पाटी त्यानं स्वतःच्या हातानं रंगवली होती.

"डोळे फुटले का तुझे? पाटी दिसत नाही?"

गाडीतल्या मुलीनं काच खाली केली. "आजोबा, मिनिटभराचं तर काम. माझ्या चाकांनी तुमची खडी झिजली का?"

"पुन्हा आलीस तर टायर फोडीन, सांगून ठेवतो!"

"बापरे, एवढ्याशा जागेसाठी केवढा हा राग!" म्हणत तिनं गाडी वळवली आणि निघून गेली.

ऑर्विल तिथंच उभा राहिला. आत जायला त्याचे पाय उचलेनात.

स्वयंपाकघरात त्याच्या बायकोनं, लोर्नानं ओव्हनमधून बीन्सचं भांडं काढलं होतं आणि टेबलावर तिसरी ताटली मांडली होती.

"वेन्डेल आला ना रे? खडी वाजली."

ऑर्विलनं काठी भिंतीला टेकवली. तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि आज सकाळपासून तिसऱ्यांदा तिला सांगितलं, की आपला लेक वेन्डेल गेला, त्याला आता तीन वर्षं झाली. पहिल्यांदाच ऐकावं तशी ती हंबरडा फोडून रडली.

बाहेर खडी करकरली.

लोर्नानं घाईघाईनं डोळे पुसले. "बघ, आला! तू आपलं उगाच काहीतरी अभद्र बोलतोस."