उतरता खांदा

नवरा आम्हाला सोडून गेला, तेव्हा मुलगा दोन वर्षांचा होता. पुढे दर वाढदिवसाला मुलाला एक नवा शर्ट मिळायचा, ‘बाबांनी पाठवलाय’ म्हणून. शिवायचे माझे वडील. ते शिंपी होते. वाढदिवस जवळ आला की नातवाला कवेत घेऊन त्याच्या पाठीवरून हळूच वीत फिरवायचे आणि माप वहीत टिपून ठेवायचे.

यंदा वडील गेले. मुलाचा पंधरावा वाढदिवस पंधरवड्यावर आला, तशी आता शर्ट कोण शिवणार, ही चिंता मला लागली. त्यातच दुकान आवरताना ती वही नेमकी त्याच्याच हाती लागली. एका पानावर त्याचं नाव आणि खाली बारा वर्षांची मापं. बापाने एकदाही आठवण काढली नाही, हे आता याला कळणार. मी घाईघाईने वही त्याच्या हातून ओढून घेतली.

“आई, किती घाबरतेस गं!” तो म्हणाला. “माझा डावा खांदा उतरता आहे, हे बाबांना कुठून कळणार होतं?”

“म्हणजे तुला ठाऊक होतं? मग आजोबांना बोलला का नाहीस?”

 

“त्यांनी जवळ घेतलं की मी श्वास रोखून ताठ उभा राहायचो, माप चुकू नये म्हणून.”