वादळवीराचे पाय

"हे माझं नाही," म्हातारे चित्रकार म्हणाले, आणि दातांच्या डॉक्टरांच्या हातातून पेनचं टोपण गळून पडलं.

अकरा वर्षं डॉक्टर या सहीची वाट बघत होते. घरातली सगळ्यात चांगली खोली त्यांनी या एका पानाला देऊन टाकली होती. 'वादळवीर' या चित्रकथेचं पान. छापलेलं नव्हे, चित्रकारानं शाईत ब्रश बुडवून स्वतःच्या हातानं काढलेलं. खोलीला जाड पडदे होते, कारण उन्हानं शाई फिकी पडते. चपला दाराबाहेर काढाव्या लागत, कारण धूळ ही कागदाची वैरीण. आलेल्या पाहुण्याच्या हातात डॉक्टर भिंग ठेवत आणि म्हणत, "नीट बघा. छापील ते छापील, ओरिजिनल ते ओरिजिनल." मेहुण्यानं एकदा भिंग परत करताना "झेरॉक्स तर नाही ना?" असं विचारलं होतं. तेव्हापासून मेहुण्याला या घरात चहा मिळे, बिस्किट मिळत नसे.

आज सहीसाठी पान प्रथमच चौकटीतून काढून टेबलावर ठेवलं होतं. आणि आता मेहुण्याला कुठल्या तोंडानं सामोरं जायचं?

"सर, नीट बघा ना!" डॉक्टर काकुळतीला आले. दाढ उपटताना ज्यांचा आवाज कधी हलला नाही, त्यांचा आवाज चिरकला. "हा कडा बघा. ही दरी. केसांचा हा फटकारा तुमच्याशिवाय कोणाला जमणार?"

"कडा माझा," चित्रकार म्हणाले. "दरी माझी. केस माझे, दंड माझे, तो मेला खलनायकही माझाच. पण पाय माझे नाहीत. न सांगता सही केली, तर ती खोटी होईल."

डॉक्टर मटकन खुर्चीत बसले. कारण सगळी गंमत त्या पायांतच होती. दोनशे अंकांत वादळवीराचे पाय दिसतात ते फक्त याच पानावर. एरवी तो सदानकदा गुडघाभर धुक्यात उभा. धुकं नसलं की गवत, गवत नसलं की घोड्यांची धूळ. आणि वाळवंटात भर दुपारी, जिथं नावालाही काही नाही, तिथं संवादाचा फुगाच खाली. वीर गुडघ्यातून बोलतोय असं वाटायचं. डॉक्टरांनी यावर संग्राहकांच्या मासिकात सात पानी लेख लिहिला होता. धुकं म्हणजे माणसाच्या मनातला संभ्रम, हे त्यांनी त्यात सिद्धच करून टाकलं होतं. या पानावर मात्र वीर अनवाणी, कड्याच्या अगदी टोकावर, आणि त्याच्या उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. 'जगाचा भार पेलून वाकलेली करंगळी!' हे वाक्य लिहिताना डॉक्टरांना रडू कोसळलं होतं. आताही त्यांनी ते सगळं चित्रकारांना ऐकवलं.

"संभ्रम कसला?" चित्रकारांनी कान खाजवला. "अहो, मला पाय काढताच येत नाहीत. जन्मात कधी आले नाहीत. बटाट्याला बोटं फुटल्यासारखे दिसतात. आमच्या लेखकाला हे कळलं आणि त्यानं दावा साधला. एका अंकात खलनायकाला वीराचे बूटच चोरायला लावले! मी म्हटलं, कड्यावर धुकं घालतो. तर म्हणे, वादळ सुटलंय, धुकं टिकेल कसं?"

"मग काढले कोणी?"

चित्रकारांनी हनुवटीनं कोपऱ्याकडे खूण केली. तिथं स्टुलावर त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. आल्यापासून काकू एकच वाक्य बोलल्या होत्या, "चपला राहू देत का हो? गार फरशीनं माझे पाय दुखतात." आणि डॉक्टरांनी अगदी गोड आवाजात, पण ठामपणे, नाही म्हटलं होतं.

"ह्यांना दोन दिवस जेवण जाईना," काकू म्हणाल्या. "म्हटलं, द्या इकडे. आरसा ठेवला जमिनीवर आणि दिले काढून. त्यात काय एवढं?"

"चला, खरं सांगून झालं," चित्रकारांनी हुश्श केलं. "आता करतो सही. कड्यापाशी करतो. पायांपासून लांब."

त्यांनी पेन उचललं. पण डॉक्टरांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते 'आरसा' या शब्दापाशी अडकले होते. तिथून त्यांची नजर हळूहळू खाली घसरली, स्टुलाच्या पायांपर्यंत, आणि तिथंच खिळली.

डॉक्टरांची बायको चहाचा ट्रे घेऊन आत आली आणि दारातच थबकली. टेबलाशी चित्रकार जीभ बाहेर काढून मन लावून सही करत होते. अकरा वर्षं जिची वाट बघितली ती सही कागदावर उमटत होती, आणि डॉक्टर तिच्याकडे पाठ करून बसले होते. जमिनीवर, गुडघे टेकून. चौकट पुसायचं मखमली फडकं त्यांनी काकूंच्या पायांखाली अंथरलं होतं. हातात भिंग होतं आणि नाक काकूंच्या उजव्या करंगळीपासून वीतभर अंतरावर.

"गुदगुल्या होतात हो," काकू अंग चोरत म्हणाल्या.

"अहो!" बायको किंचाळली. "हे काय चाललंय?"

"शू!" डॉक्टर मागे न बघताच कुजबुजले. "ओरिजिनल आहे."