उताऱ्याबाहेरची विहीर

जनगणनेची घरं पालथी घालून दमून वर्गात आले. चंद्रपूरच्या परकोटातल्या जुन्या विहिरींचा उतारा फळ्यावर उतरवला नि विचारलं, "विहिरी किती? उत्तर उताऱ्यातूनच द्या."

उताऱ्यात सात होत्या. सगळ्यांच्या वह्यांत आठ.

"दीपाली, आठवी कुठून आणलीस?"

"ते इथीच हाये ना, बाई." तिनं माझ्या टेबलासमोरच्या फरशीकडे बोट दाखवलं.

तेव्हा लक्षात आलं, वर्षभर एकही पोर त्या फरशीवरून गेलं नव्हतं. वह्या द्यायलासुद्धा सगळी भिंतीकडून वळसा घालून यायची.

वाद घालायचं त्राण नव्हतं. हातातला खडू मी सरळ त्या फरशीवर टाकला.

आवाज आला नाही.

"थांबा, बाई," दीपाली हळूच म्हणाली, "लय खोल हाये."