कसेल त्याची

“समदं फुकट पायजे ह्यांना. सरकारनं माळ दिला, आता माळाला वाट बी आमीच द्यावी!” शिवप्रसाद आईच्या कानाशी पुटपुटला. पुटपुटला म्हणजे, बांधापलीकडच्या रत्नपालला नीट ऐकू जाईल इतकंच.

सुशीलाबाईंनी पदर सारखा केला. दुखऱ्या गुडघ्यांसकट लेकानं त्यांना मोटारसायकलवर घालून शेतात आणलं होतं, ते एवढ्याचसाठी. ‘हितून वाट कधीच नव्हती’ असं पंचाला सांगायचं आणि घरी जायचं.

वाट होती. शिवप्रसादनं ती परवा नांगरून टाकली होती. वर माळावर रत्नपालच्या तुरीची गंज उघडी पडलेली, मळणीचं मशीन खाली रस्त्यावर अडलेलं, आणि तेलंगणाच्या बाजूनं आभाळ भरून येत होतं.

“भिजली तर वरीस गेलं माजं, मल्लप्पा,” रत्नपाल पंचाला म्हणाला. “बापाला सरकारनं दगडं दिली. ती फोडून पिकवायलाव आमी. आता तिकडं उडत जावं का?”

“जा की! त्याची बी सवलत असंल तुमाला.” शिवप्रसाद एकटाच हसला. “माजा बाप जहागीरदाराचं कूळ व्हता. कायदा आला, कसेल त्याची जमीन झाली. आमी कसून मिळवली. तुज्या बापावाणी हात पसरून न्हाई.”

रत्नपालनं बांध ओलांडला. मल्लप्पा घाईनं दोघांच्या मधे शिरला.

“अक्का, तुमीच सांगा. वाट व्हती का न्हाई?”

शिवप्रसादनं आईला कोपरानं ढोसलं. सुशीलाबाईंनी त्याचा हात बाजूला केला. सगळं गाव जे पन्नास वर्षं गिळून बसलं होतं, ते त्यांच्या ओठांवर आलं.

“वाटेचं काय घेऊन बसलाव, मल्लप्पा? शिवा, तुज्या बापानं जल्मात औत हाती धरलं न्हाई. ह्याचा बाप मारोती आपला सालगडी. ही समदी काळी त्यानंच कसली. चौकशीला साहेब आला तवा बी औत मारोतीच्या हाती व्हतं, आन् तुजा बाप झाडाखाली पान खायलता. पर गड्याला कूळ कोण म्हणतंय? साहेबानं नाव लिवलं सावलीत बसलेल्याचं.”

सुशीलाबाईंनी वर माळाकडं बोट दाखवलं.

“खरंच कसेल त्याला दिली असती ना, तर आज तू ह्याच्या बांधावर वाट मागत उभा असतास.”